समतेचं आणि टिकाऊ इंजिनिअरिंग: मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

जुलै उजाडला की फायनल इयरच्या पोरांना प्रोजेक्टचा विषय हवा असतो आणि माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. मधूनच एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी, वस्तीत काम करणारी एखादी ताई, नुकताच कंत्राटदाराकडे लागलेला साइट इंजिनिअर. मी सिव्हिलवाला. पाणी आणि मलनिस्सारण यांत उमेदीची वर्षं गेली, आता मुलांचे प्रोजेक्ट तपासतो. त्यामुळे उत्तरं त्या बाजूला झुकलेली आहेत. कॉम्प्युटरवाल्यांनी थेट प्रश्न १० वर उडी मारली तरी चालेल, पण ३ आणि ५ चुकवू नका.

१. ‘सामाजिक समता’, ‘शाश्वतता’ हे शब्द भाषणातले वाटतात. इंजिनिअरने नेमकं करायचं काय?

टेप लावून बघायचं. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड घ्या. प्रकल्पांत घरं गेलेल्यांना तिथे पक्की घरं मिळाली. नळ, संडास, वीज, सगळं घरात. पण दोन इमारतींमधलं अंतर साधारण ३ मीटर. सात-आठ मजल्यांच्या भिंतींमध्ये ३ मीटरची फट म्हणजे खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ साली हे कंपाउंड, मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी यांची तुलना केली. जिथे इमारती एकमेकींना खेटून होत्या, उजेड-वारा पोचत नव्हता, तिथे क्षयरोगाचं प्रमाण कितीतरी जास्त आढळलं.

पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेच्या नियमांत सूट दिलेली आहे, म्हणजे ते ३ मीटर नियमात बसवूनच मंजूर झाले. बाजूच्या खाजगी टॉवरला ती सूट कुणी मागितली नसती. हा झाला समतेचा भाग. घरात दिवसभर दिवा आणि पंखा चालू ठेवावा लागतो, हा शाश्वततेचा. दोन्हींचा उगम एकाच मापात आहे, म्हणून मी हे शब्द वेगळे शिकवत नाही.

२. पर्यावरणाला चांगलं ते लोकांनाही चांगलंच असणार ना?

असं गृहीत धरू नका. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजू मोकळ्या करायच्या होत्या. उद्देश शहराचं पाणी सुरक्षित ठेवण्याचा, त्यात वाद नाही. पण हटवलेल्या कुटुंबांना पाठवलं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. हवेचा त्रास इतका, की प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे कुणालाही जबरदस्तीने पाठवता येणार नाही अशी भूमिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घेतली. ज्या प्रकल्पाने एका टोकाचं पाणी शुद्ध राहतं आणि दुसऱ्या टोकाला माणसं खोकतात, त्याच्या अहवालात दोन्ही टोकं यायला हवीत.

३. वस्तीत सर्व्हेला गेलो. सगळे म्हणतात, ‘हो, चांगलं आहे, करा.’ खरी गरज कशी कळणार?

सकाळी अकराला गेला होतात ना? त्या वेळी घरात म्हातारी माणसं असतात, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेले. आणि हातात फॉर्म घेतलेल्या, गळ्यात आयकार्ड घातलेल्या चार मुलांना कोण नाही म्हणणार? चहासुद्धा पाजतील.

पाण्याचा प्रोजेक्ट असेल तर पाणी येतं त्या वेळी जा. पहाटे साडेचारला गल्लीच्या तोंडाशी निळे ड्रम, पाइपांची वेटोळी, दातांत मोबाइलचा टॉर्च धरून जोड घट्ट करणारी बाई. कुणालाही प्रश्न विचारू नका. दोनशे लिटरचा ड्रम भरायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा, वहीत लिहा. शेवटच्या घरापाशी जाऊन तेच करा. पहिल्या घराला सात मिनिटं आणि शेवटच्या घराला पस्तीस, असा आकडा मिळाला की तुमचा अर्धा प्रोजेक्ट झाला. मग हंडे मोजा, त्यांचे लिटर करा, ते माणसांनी भागा. पालिका वस्त्यांसाठी माणशी रोज ४५ लिटर धरत आली आहे आणि इमारतींसाठी १३५. तुमचा भागाकार ४५ च्याही खाली आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

संडासाचा प्रोजेक्ट असेल तर रात्री दहानंतर जा. मुलींना बरोबर घेऊन जा आणि तिथल्या बायकांशी त्यांनाच बोलू द्या. तुम्ही लांब, वडापावच्या गाडीपाशी उभे राहा. ‘काय हवंय’ असं विचारण्यापेक्षा ‘काल काय झालं’ असं विचारलं की माणसं मोकळी बोलतात.

४. शौचालयात बायकांना आणि पुरुषांना सारख्याच सीट दिल्या. झाली की समता?

नाही. बायकांना वेळ जास्त लागतो, बरोबर लहान मूल असतं, पाळीचे दिवस असतात. म्हणून स्वच्छ भारत अभियानाच्या निकषांतही सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक सीट आणि २५ स्त्रियांमागे एक असा फरक ठेवला आहे. त्यात पुरुषांना मुताऱ्या वेगळ्या मिळतात, त्या मोजायच्या राहून जातात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीतल्या बायका हाच हिशोब मांडत आल्या: पुरुषांना मुतारी फुकट, बाईला मात्र त्याच कामाचे पैसे.

सीटची संख्या जमली की बारकावे सुरू होतात. कडी आतून लागते का? बादली ठेवायला कोरडी जागा आहे का? पिशवी आणि ओढणी अडकवायला खुंटी आहे का? पॅड टाकायला डबा कुठे? दिवा दाराच्या आत आहे की फक्त पॅसेजमध्ये? बायकांच्या भागाचं दार पुरुषांच्या रांगेसमोर उघडतं का? ही शेवटची चूक मी इतक्या ड्रॉइंगमध्ये पाहिली आहे, की आता प्लॅन हातात आला की आधी दारंच बघतो.

५. बांधून दिलं, उद्घाटन झालं, सहा महिन्यांत बंद पडलं. आमचं काय चुकलं?

बहुतेक वेळा एकच. बिल कोण भरणार हे ड्रॉइंगच्या वेळी ठरलं नव्हतं.

पुनर्वसनाच्या इमारतींतल्या लिफ्ट आठवा. बिघडलेल्या नसतात, पण कॉमन मीटरचं बिल थकलेलं असतं म्हणून बंद असतात. सहाव्या मजल्यावरच्या आजी मग वर्षाचे बारा महिने घरात. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्या कुटुंबांनीसुद्धा आधी मेंटेनन्सचंच विचारलं, आणि बरोबर विचारलं. पंप, लिफ्ट, आगीची यंत्रणा, जिन्यातले दिवे यांचं दरमहाचं बिल काढून ते घरांच्या संख्येने भागा आणि तो आकडा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहा. तो परवडण्यासारखा नसेल तर डिझाइन बदला: कमी मजले, गुरुत्वाने चालणारं पाणी, नैसर्गिक उजेडाचे जिने.

मुंबईत नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला. त्यात कल्पना अशी, की शौचालय बांधण्याआधी वस्तीची संस्था उभी राहावी, कुटुंबांनी वर्गणी भरावी, महिन्याचा पास ठेवावा आणि देखभाल संस्थेने करावी. जिथे संस्था खरी होती तिथे ती चालली. जिथे कंत्राटदाराने टेंडरपुरती कागदावर उभी केली, तिथे काही दिवसांत किल्ली एका माणसाच्या खिशात गेली.

एक तांत्रिक गोष्ट याच उत्तरात सांगतो. सेप्टिक टाकीचं ड्रॉइंग काढताना मैला उपसणारी सक्शन गाडी कुठवर येते आणि तिचा पाइप कुठवर पोचतो ते आधी मोजा. गाडी गल्लीत शिरत नसेल तर एक दिवस त्या टाकीत माणूस उतरवला जाईल. धोकादायक सफाईला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पण बंदी पाळणं शक्य होईल अशी जागा टाकीला तुम्हीच देऊ शकता.

६. सर म्हणतात, ‘समता वगैरे रिपोर्टच्या शेवटच्या चॅप्टरमध्ये टाका.’

सरांचा मान ठेवा, शेवटचा चॅप्टर लिहा. आणि गुपचूप पहिल्या चॅप्टरमध्ये ‘डिझाइनची गृहीतकं’ या मथळ्याखाली चार ओळी घाला: कोण वापरणार, किती वाजता वापरणार, बिघडलं तर किती तासांत दुरुस्त होणार, पैसे कुणाचे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक तिथेच थांबतात, हा माझा अनुभव.

७. अशाने खर्च वाढतो, क्लायंट कसा मान्य करणार?

कधी वाढतो, कधी नाही. उशिरा सुचलं तर नक्की वाढतो. कोस्टल रोड वरळीला सी लिंकला जोडायचा, त्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर मूळ आराखड्यात ६० मीटर होतं. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांचं म्हणणं होतं, की ओढ, वारा आणि समोरून येणारी दुसरी होडी हे सगळं जमेला धरलं तर एवढ्यातून होडी सुखरूप काढता येणार नाही. त्यांची सुरुवातीची मागणी २०० मीटरची. काम अडलं, आंदोलनं झाली, बैठका झाल्या, आणि २०२२ च्या अखेरीस एक खांब वगळून १२० मीटर करायचं ठरलं. काम निविदेत गेल्यावर आणि समुद्रात यंत्रं उतरल्यावर. हेच कागदावर असताना रबराने खोडलं असतं तर?

क्लायंटला समजावताना ‘खर्च वाढतो’ याऐवजी ‘खर्च कुणाकडे जातो’ हे विचारा. ६० मीटरचा पूल स्वस्त दिसतो, कारण फुटलेल्या होडीचा खर्च त्याच्या एस्टिमेटमध्ये नसतो.

८. आमच्या भागात पाणी तुंबतं. नाल्याला उंच भिंत घातली की सुटेल ना?

तुमच्या भागापुरतं कदाचित सुटेल, पाणी पलीकडे जाईल. आधी मुंबईची जुनी गृहीतकं बघा. जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होत्या आणि त्यातला निम्मा जमिनीत मुरेल असं धरलेलं होतं. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर ताशी ५० मिलिमीटर आणि मुरण्याला शून्य, असा हिशोब आला. मधल्या काळात २६ जुलै २००५ उजाडला आणि सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडून गेला. शिवाय पातमुखं, म्हणजे नाले समुद्राला मिळतात ती तोंडं, बहुतेक भरतीच्या पातळीखाली. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकदम आले की पाण्याने जायचं कुठे? म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रं (पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनं) बांधावी लागली. हिंदमाताचं पाणी तात्पुरतं साठवायला मैदानाखाली टाक्याही कराव्या लागल्या.

आता समतेचा भाग. मिठी नदीची पातळी चढली की कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या लोकांना हलवावं लागतं. वरच्या अंगाला भिंत उंच केली, पात्र अरुंद केलं, पार्किंगवर काँक्रीट ओतलं, तर ते पाणी त्यांच्या दारात लवकर आणि जास्त पोचतं. म्हणून कोणत्याही भिंतीच्या हिशोबात खालच्या अंगाची पातळी किती सेंटीमीटरने वाढेल ती ओळ सक्तीची समजा. आणि शक्य तिथे भिंतीआधी मुरवा, साठवा, थोपवा.

९. घरं अनधिकृत आहेत. पाण्याची लाइन डिझाइन करणं बेकायदा नाही का?

डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर बेकायदा आहे म्हणून पाणी पूर्ण नाकारता येणार नाही. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण २०२२ मध्ये आलं. जोडणी मिळाली म्हणून घर अधिकृत होत नाही, हे त्यातच स्पष्ट आहे. लोकांना ते आधी सांगा, नाहीतर नंतर शिव्या तुम्हाला. तांत्रिक अडचण असते टोकाच्या दाबाची: वरचे लोक बूस्टर पंप लावतात, खालच्यांची तोटी फुसफुसते. मोजायचं कसं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१०. ॲप, सेन्सर, सोलर... याने होईल का?

पाणी कधी येणार ते सांगणारं ॲप दर वर्षी एक तरी ग्रुप करतो. घरातला एकमेव स्मार्टफोन सकाळी बाप्याबरोबर कामाला जातो आणि पाणी भरते बाई, हे डेमोच्या दिवशी कळतं. त्याऐवजी नाक्यावरच्या किराणा दुकानात एक फळा आणि खडू. मागच्या बाजूला तुमचा सेन्सर खुशाल असू दे. सोलरचं उत्तर प्रश्न ५ मध्येच आहे: बॅटरी बदलायचे पैसे कुणाचे?

११. पत्र्याची घरं तापतात. छताला पांढरा रंग द्यायचा प्रोजेक्ट कसा वाटतो?

चांगला आहे, स्वस्त आहे, दुपारी फरक जाणवतो. पण मुंबईत येऊन बघा. मे महिन्यात त्या पत्र्यावर निळी ताडपत्री चढते, पावसाची तयारी म्हणून, आणि तुमचा रंग तिच्याखाली. पावसाळ्यानंतर शेवाळ, मग धूळ आणि काजळी. पांढरेपणा गेला की परिणामही घटतो. म्हणून रंगाबरोबर ताडपत्रीचाही विचार करा: गळती आधी बंद करा म्हणजे ताडपत्री लागणार नाही, नाहीतर ताडपत्रीच फिक्या रंगाची द्या. आणि दर वर्षी कोण रंगवणार? (पुन्हा प्रश्न ५. मी काय करू, सगळे रस्ते तिथेच जातात.)

१२. रॅम्पचा उतार १:१२ (एक फूट चढायला बारा फूट लांबी) ठेवला. अपंगांसाठी एवढं पुरे?

मलाही तसंच वाटायचं. एका सार्वजनिक इमारतीला मी रॅम्प दिला. उतार चोख, दोन्ही बाजूंना कठडा, टप्प्याला सपाट जागा. दुचाकी वर चढू नयेत म्हणून खालच्या टोकाला लोखंडी खांब रोवायला मीच सांगितलं. मधलं अंतर ६० सेंटीमीटर. पंधरा दिवसांनी मी तिथे उभा असताना व्हीलचेअरवरून एक काका आले, खांबांपाशी थांबले आणि म्हणाले, ‘साहेब, खुर्ची इथेच ठेवून येऊ का?’ दुचाकी थांबल्या होत्या आणि काकाही. खांब कापून ९० सेंटीमीटर मोकळे केले तो खर्च मी माझ्या फीतून दिला. २०१६ चा अपंग हक्क कायदा, १:१२ चा नियम, सगळं माझ्या फायलीत होतं. खुर्चीची रुंदी मोजलेली नव्हती.

१३. दोन गरजू गटांच्याच मागण्या एकमेकांविरुद्ध असतील तर?

स्टेशनबाहेरचा फुटपाथ. भाजीवाल्या मावशींचं पोट तिथे, आणि काठी घेऊन चालणाऱ्या अंध माणसाचा रस्ताही तोच. २०१४ चा फेरीवाला कायदा मावशींच्या बाजूने, २०१६ चा कायदा त्या माणसाच्या. माझा क्रम सांगतो, पटला नाही तर भांडा: आधी चालण्याची अखंड पट्टी आखा, ती कुणालाच विकायची नाही. उरलेल्या रुंदीत ठेल्यांची जागा. रुंदी पुरत नसेल तर ती फुटपाथमधून न काढता गाड्यांच्या पार्किंगमधून काढा. तिथे उभ्या असलेल्या गाडीचा मालक या तिघांत सगळ्यात कमी गरजू असतो. चालणाऱ्यांना वर उचलून स्कायवॉकवर पाठवणं हा तोडगा २००८ मध्ये वांद्र्यापासून सुरू झाला. गुडघे दुखणाऱ्यांनी त्याचं काय केलं ते खालच्या गर्दीत दिसतं.

१४. लोकच चुकीचं मागत असतील तर?

मागतात. ‘गल्लीत लादी घालून द्या’ ही वस्त्यांतली लाडकी मागणी. जुनी लादी उखडायला पैसे नसतात, म्हणून दर खेपेला नवी जुनीवरच बसते आणि गल्ली चार-सहा इंचांनी वर येते. अशा दोन-तीन खेपांनंतर घराचा उंबरा रस्त्याच्या खाली जातो. मग जुलैत पाणी घरात, आणि घरवाला उंबऱ्यावर विटांचा बांध घालतो. पण त्यांना मूर्ख समजू नका. चिखलातून शाळेत जाणाऱ्या पोरांचे बूट ही त्यांची अडचण खरी आहे. पातळीचं यंत्र घेऊन जा, प्रत्येक उंबरा आणि गल्ली यांतला फरक खडूने दारावरच लिहा. ‘उणे ११ सेंटीमीटर’ असं स्वतःच्या दारावर वाचल्यावर सभेत आधी उखडा, मग घाला असं लोकच म्हणतात.

१५. मी ज्युनिअर आहे, माझं कोण ऐकणार? आणि हे शिकायला कुठे जाऊ?

मीटिंगमध्ये भांडू नका. दोन पर्याय एस्टिमेटसकट मांडा, दुसऱ्यात देखभालीची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा, आणि साहेबांनी पहिला निवडला तर तसं मेलवर लिहून घ्या. सहा महिन्यांनी ती ओळ उपयोगी पडते.

शिकायचं असेल तर रविवारी गोवंडीला उतरा, नटवर पारेखच्या दोन इमारतींमध्ये दुपारी बारा वाजता उभे राहून वर बघा. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे वरळी कोळीवाड्यात. होड्या परत येत असतात, नाखवांना आधी जाळी उतरवू द्या, मग बोला. टेप, वही आणि पाण्याची बाटली न्या. ड्रोन घरी ठेवा.